फ्लोरालबा आणि गुरुवारची माणसं

आमच्या विभागात पक्षी ओळखणारे पुष्कळ होते. पक्ष्यांचा आवाज ओळखणारा प्रोग्राम लिहिणारी एकटी फ्लोरालबा ओसोरिओ होती, आणि तिच्या दारावर पाटी होती : प्रयोगशाळा सहायक, काच व उपकरणे. उभ्या जन्मात तिने विद्यापीठाची एक काचेची नळी धुतली नसेल. पण प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसासाठी विद्यापीठात पदच नव्हतं, म्हणून जे रिकामं होतं त्यात तिला बसवलं होतं. मी विभागाची सेक्रेटरी. तिच्या नेमणुकीचा कागद मीच टाइप केला होता, आणि टाइप करताना हसलेही होते.

काम असं होतं. वरच्या जंगलात, जिथे दिवसभर ढग झाडांतून फिरत असतात, तिथे आमची माणसं झाडांना रेकॉर्डर बांधून यायची. महिनाभर ते ऐकत राहायचे. एवढं सगळं बसून ऐकणार कोण? ते फ्लोरालबाचा प्रोग्राम ऐकायचा आणि कुठे कोणता पक्षी ओरडला ते सांगायचा. सुरुवातीला त्याने एकदा मोठा गोंधळ घातला होता. या भागात कोणी कित्येक वर्षांत न पाहिलेला एक पक्षी त्याला रोज सकाळी ऐकू यायला लागला. विभागप्रमुख डॉक्टर अन्सिसार बोतेरो यांनी आनंदाने बाटली उघडली. फ्लोरालबाला मात्र चैन पडेना. ती स्वतः गाडीत बसून वर गेली आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत आली.

"डॉक्टर, तुमचा पक्षी बघून आले," ती म्हणाली. "त्याला मिशा आहेत. पलीकडच्या डोंगरावर करवत चालवतो."

डॉक्टर मनाने चांगला माणूस. पोट धरून हसले. "तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही, फ्लोरालबा," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. लेख छापून आला की लेखकांच्या यादीत त्यांचं नाव असायचं, त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं असायची, आणि अगदी खाली बारीक अक्षरात 'संगणकीय मदतीबद्दल आभार'. आभार कोणाचे, ते लिहिलेलं नसायचं.

ती आईबरोबर राहायची, शहराच्या खालच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि नुसत्या पायऱ्या सुरू होतात. त्या पायऱ्या तिच्या वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून बांधलेल्या. वडील गवंडी होते. रविवारी सगळी आळी जमायची, कोणी वाळू आणायचं, कोणी सिमेंट कालवायचं, बायका मोठ्या पातेल्यात सान्कोचोचा रस्सा शिजवायच्या. अशा कामाला आमच्याकडे कोन्विते म्हणतात. मजुरी नाही, मुकादम नाही, काम झालं की सगळ्यांनी रस्सा ओरपायचा. फ्लोरालबाचं इंजिनिअरिंग संपलं आणि वडील गेले, मग आईची दोन्ही मूत्रपिंडं बिघडली. पुढचं शिकायचं राहून गेलं ते गेलंच.

सगळ्याची सुरुवात एका फोनने झाली. पास्तोच्या विद्यापीठातून यादिरा बेनाविदेस नावाची बाई बोलत होती. बटाट्यावरच्या रोगाचे नकाशे काढणारे प्रोग्राम ती लिहायची. फ्लोरालबाच्या प्रोग्रामचा एक तुकडा तिने घेतला होता आणि तो चालत नव्हता. दोघींनी तो अर्ध्या तासात नीट केला, आणि मग फोन काही खाली ठेवला जाईना. माझ्या टेबलावरचाच फोन तो, मी सगळं ऐकत होते.

"इथे तळघरात बसवलंय मला," यादिरा सांगत होती. "अडलं तर विचारायला कोणी नाही. सगळे मला 'ती कॉम्प्युटरवाली' म्हणतात."

"तुम्ही नशीबवान," फ्लोरालबा म्हणाली. "मी तर काचवाली आहे."

त्यानंतर त्या दर गुरुवारी दुपारी बोलायला लागल्या. मग फ्लोरालबाने शोधायला सुरुवात केली. लेखांच्या तळाशी जिथे जिथे 'संगणकीय मदत' असं दिसेल, तिथे ती विचारायची, ही मदत करणारं माणूस कोण? असं एकेक सापडत गेलं. आमच्याच इमारतीत, खाली भूकंपवाल्यांच्या विभागात, दुवान मारुलांदा सापडला. भूकंपमापकांची माहिती गोळा करणारे प्रोग्राम तो एकटा सांभाळत होता. शिक्षण तांत्रिक शाळेचं, पद शिपायाचं. कितीतरी वर्षं तो आणि फ्लोरालबा एकाच यंत्रातली कॉफी पीत होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. बारान्किल्याहून नुबिया आली, ग्रंथपालाच्या पदावर बसून समुद्राच्या लाटांचं गणित करणारी. पेरेइराहून विल्मार किन्तेरो आला.

विल्मारबद्दल नीट सांगितलं पाहिजे. डासांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या गटात तो होता. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख. तो बोलायला लागला की मीसुद्धा टाइप करायची थांबायचे. पण आमच्यात आला तेव्हा अगदी खचलेला होता. गटाचं अनुदान संपलं, त्याबरोबर त्याची नोकरी संपली, आणि त्याच महिन्यात बायको मुलीला घेऊन माहेरी काली शहरात निघून गेली. फ्लोरालबा डॉक्टर अन्सिसारांच्या खोलीत गेली आणि बसूनच राहिली.

"डॉक्टर, मला एक माणूस हवाय."

"फ्लोरालबा, पद कुठून आणू?"

"मला आणलंत तिथूनच. काच नसेल तर लाकूड म्हणा, पण माणूस द्या."

डॉक्टरांनी कुठून तरी जमवलं. विल्मार आमच्याकडे आला, पक्ष्यांच्या कामात रुळला आणि सावरला. पुढे पेरेइराला त्याला पुन्हा काम मिळालं, तरी दर रविवारी तो बसने यायचा आणि फ्लोरालबाच्या आईच्या हातचा राजमा खायचा. आई, म्हणजे रोस्मिराबाई, आमच्या भाषेत दोन्या रोस्मिरा, त्याला 'बाळा' म्हणायची आणि डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात लपवून वाढायची. मी एकदा फ्लोरालबाला डिवचलं, "काय गं, सनई कधी?" ती म्हणाली, "वेडी आहेस का, नोएमी? मला भाऊ नव्हता, तो मिळाला."

गुरुवारी जवळची माणसं आमच्या विभागात जमायची, लांबची फोनवरून बोलायची; या मंडळींना नाव तिनेच दिलं, कोन्विते. आणि वागायची रीतही पायऱ्यांच्या कामावरून घेतली. येणाऱ्याने आपला एक मोडलेला प्रोग्राम आणायचा, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचा. आज ज्याने बैठक चालवली त्याने पुढच्या वेळी गप्प बसून ऐकायचं. नवीन माणूस आला की त्याला एक जुना जोडीदार, वर्षभर. प्रत्येकाचं काम आणखी कोणाला तरी ठाऊक असलंच पाहिजे, यावर तिचा फार कटाक्ष.

"उद्या मला ताप आला तर पक्ष्यांनी ओरडायचं थांबवायचं का?" ती म्हणायची.

"माझे भूकंप थांबले तर बरंच होईल," दुवान म्हणायचा. "पण सांगून बघितलं, ऐकत नाहीत."

माणसं वाढत गेली. पण गळतीही तेवढीच. अनुदान संपलं की माणूस गेला. कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत. शेवटच्या गुरुवारी निरोप घेताना बहुतेक जण रडायचे, आणि दुसऱ्या महिन्यात नव्या बुटांतला फोटो पाठवायचे. असाच एक चांगला मुलगा गेला त्या दिवशी फ्लोरालबा म्हणाली, "नुसत्या रश्शावर हे टिकायचं नाही. आपल्याला पद पाहिजे. स्वतःच्या नावाचं, अनुदानाबरोबर न वाहून जाणारं."

मग दोन वर्षं सगळ्यांनी बसून मसुदा केला. संशोधनासाठी प्रोग्राम लिहिणारा अभियंता, असं पद देशातल्या प्रत्येक विद्यापीठात असावं. आणि ते पदवी बघून न देता केलेलं काम बघून द्यावं, हे कलम तिने स्वतः लिहिलं. दुवान, नुबिया, ती स्वतः, अशी निम्मी माणसं त्या एका कलमावर उभी होती. राजधानीत, बोगोतामधल्या ज्या मंडळाकडे हे न्यायचं होतं तिथे बोलायला कोणी तरी हवं होतं. फ्लोरालबाला आईच्या डायलिसिसमुळे हलता येत नव्हतं, आणि चार साहेबांसमोर तिची वाचा बसायची. सगळ्यांनी एकमताने विल्मारला पाठवलं. तो मधल्या काळात डॉक्टरेट करत होता. त्याच्या प्रबंधातले प्रोग्राम फ्लोरालबाने ओळ न ओळ तपासले होते, आणि त्याने पहिल्याच पानावर तिचं नाव घालून आभार मानले होते. तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते तिथे. मी त्या पानाची झेरॉक्स काढून माझ्या खणात ठेवली होती.

विल्मार बोगोताला जात राहिला. कोट शिवून घेतला. परत आला की कोणता साहेब काय म्हणाला याच्या नकला करून दाखवायचा, आणि दोन्या रोस्मिरा हसून हसून खोकायची.

कोन्वितेचं त्या वर्षीचं संमेलन आमच्याकडे होतं. विभागाचं मोठं सभागृह मीच मिळवलं, तळलेल्या एम्पानादा आणि कॉफीची व्यवस्था माझी. देशभरातून माणसं आली. आदल्या रविवारी विल्मार नेहमीसारखा फ्लोरालबाकडे जेवून गेला होता. जाताना दोन्या रोस्मिराच्या कपाळावर ओठ टेकवून म्हणाला होता, "गुरुवारी चांगली बातमी आहे, म्हातारे."

बातमी चांगलीच होती. तो व्यासपीठावर उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळाने मान्य केलं. पद झालं." सभागृह उठून उभं राहिलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. नुबिया तर खुर्चीवर चढली. तो पुढे बोलत होता. पहिल्या वर्षी किती विद्यापीठं, पगाराची श्रेणी काय, बोगोतात कायमचं कार्यालय, त्याला कोन्वितेच्या देशव्यापी जाळ्याचा संचालक नेमलंय, पात्रता डॉक्टरेट, अर्ज पुढच्या महिन्यापासून, आणि हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्या आपल्या...

"काय म्हणाला?" मागून दुवानचा आवाज आला. "पात्रता काय म्हणाला?"

टाळ्या कुठे थांबाव्यात हे कोणाला कळेना, त्यामुळे त्या तुकड्या-तुकड्याने थांबल्या. मी कॉफीच्या टेबलाशी होते. तिथून मला फ्लोरालबा बाजूने दिसत होती. ती हळू उठली.

"विल्मार," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "रविवारी तू माझ्याकडे जेवलास. तेव्हा हे ठरलेलं होतं?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. "हो."

"त्याच्या आदल्या रविवारी?"

"फ्लोर, आपण बाहेर बोलूया."

"त्याच्या आदल्या?"

"हो," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून."

तेव्हा जून चालला होता.

तो तसा कच्चा नव्हता, सावरला. म्हणाला की हा पहिला टप्पा आहे, वाटाघाटीत काही सोडावं लागतं, आणि आता आपण आपल्या संस्थापिकेचा सत्कार करूया. एक मुलगी लाकडी सन्मानचिन्ह घेऊन पुढे आली, त्यावर पक्षी कोरलेला. फ्लोरालबाने ते घेतलं, कारण ती मुलगी अवघडून उभी होती आणि तिचा काही दोष नव्हता. मग माझ्या टेबलापर्यंत चालत आली, एम्पानादांच्या परातीशेजारी ते ठेवलं आणि दारातून बाहेर पडली.

विल्मार तिच्या मागे धावला. त्याच्या मागे मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी काही तिला एकटीला सोडणार नव्हते.

"ऐकून तर घे," तो जिन्यावर म्हणत होता. "त्यांनी सरळ सांगितलं, डॉक्टरेटची अट नसेल तर फाइल बंद. विद्यापीठांचे प्राध्यापक बिनडॉक्टरेटवाल्यांना आपल्या श्रेणीत बसवू देणार नाहीत. काहीच न मिळण्यापेक्षा अर्धं बरं की नाही? पुढच्या पोरांना तरी बँकेत जावं लागणार नाही!"

"कदाचित तुझं बरोबर असेल," ती म्हणाली.

तो गोंधळला. "मग?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू अडवलं असतंस."

"हो. अडवलं असतं."

"म्हणूनच."

खाली कोणी तरी बसची चौकशी करत होतं. "माझ्या आईला तू चांगली बातमी आहे म्हणून सांगितलंस," ती म्हणाली आणि खाली उतरून गेली.

यादिरा संमेलनाला आली नव्हती, संध्याकाळी तिचा फोन आला. माझ्या टेबलावरचाच. यादिराकडे डॉक्टरेट होती, तिला पद मिळणार होतं. ती रडत होती. "मला एप्रिलमध्ये कळलं होतं गं. मला वाटलं विल्मारने तुला सांगितलं असेल."

"सगळ्यांनाच तसं वाटलं," फ्लोरालबा म्हणाली. फोन ठेवून ती मला म्हणाली, "नोएमी, मोज बरं. दर गुरुवारी मी ज्यांच्याशी बोलत होते त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?" मी मोजलं नाही. तिलाही मोजून नको होतं. ती फक्त एकेक चेहरा आठवत होती, आणि प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबत होती.

त्यानंतर कोन्वितेचं नाव गेलं. जाळ्याला एक लांबलचक सरकारी नाव मिळालं, ज्याची आद्याक्षरं उच्चारताना शिंक आल्यासारखं वाटतं. गुरुवारची बैठक चालू राहिली, पण आता ती बोगोताहून चालायची. मोडलेले प्रोग्राम आणायची पद्धत बंद झाली आणि व्याख्यानं सुरू झाली. फ्लोरालबा जायची बंद झाली. गुरुवारी दुपारी ती खिडकी बंद करून पक्षी ऐकत बसायची. दोन्या रोस्मिरा रविवारी अजूनही एक ताट जास्त मांडायची आणि मग आठवण झाली की उचलून ठेवायची.

काही महिन्यांनी विल्मार आमच्या विभागात आला. कोट घालून. मी त्याला कॉफी विचारली नाही. तो तिच्या खोलीत गेला, पण दार उघडं राहिलं, आणि माझे कान काही बंद होत नाहीत.

"तुझ्यासाठी आणलंय काही तरी," तो म्हणाला. "असाधारण कामाबद्दल अट शिथिल करता येते. वर्षाला एकाच व्यक्तीला. मी भांडून मिळवलंय. तुझं नाव टाकतो. सही कर, पुढच्या महिन्यात हे काचेचं पद संपलं."

"आणि दुवानचं?"

"एकालाच देता येतं, फ्लोर."

"नुबियाचं?"

"पुढच्या वर्षी बघू. आधी तू तर हो."

आतून कागद उलटल्याचा आवाज आला. तिला ते हवं होतं, हे मी शपथेवर सांगते. स्वतःच्या नावाची पाटी कोणाला नको असते? मग ती म्हणाली, "तुम्ही आलात, बरं वाटलं. बोगोताची बस चुकेल तुमची."

बाहेर येताना विल्मारचा चेहरा उतरला होता. माझ्यापाशी थांबून म्हणाला, "नोएमी, ती मला 'तुम्ही' म्हणाली." मी म्हटलं, "ऐकलं मी."

सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. डॉक्टर अन्सिसार म्हणाले, "घ्या हो, मान कशाला सोडता?" आईने दोन दिवस अबोला धरला. मीही बोलले, "अगं, तू नाही घेतलंस म्हणून दुवानला मिळणार आहे का?" ती म्हणाली, "मी घेतलं तर मी दुवानच्या तोंडाकडे कशी बघू? पायऱ्या सगळ्यांनी बांधल्या आणि वर जायला मी एकटीच, असं झालं ना ते." मग जरा वेळाने, "आणि खरं सांगू? त्याच्या हातून नको मला. काहीच नको."

दुवानच्या बायकोची आमच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये मी पाव घ्यायला गेले तर तिने पिशवीत दोन चीजचे पाव वरून टाकले. "आमच्याकडून," म्हणाली. "दुवानचं झालं ना! ती सवलत त्याला मिळाली. विल्मारसाहेबांनी स्वतः फोन केला होता जानेवारीत. देवमाणूस!" मग माझा चेहरा बघून थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं? दोन्या फ्लोरला तर माहीत असेल ना?"

मी ते पाव घरी नेले आणि तसेच ठेवून दिले. फ्लोरालबाला कसं सांगायचं याचा विचार करत दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर ती आणि दुवान जिन्यात उभे होते. तिला आधीच कळलं होतं. दुवानच्या दारावरची पाटी बदलायला सुतार आला होता, तिने सुताराला विचारलं होतं, बस.

"तुम्ही नाही म्हणालात, दोन्या फ्लोर," दुवान मान खाली घालून बोलत होता. "जागा रिकामी होती."

"रिकामी नव्हती रे. मी उघडी धरून ठेवली होती. तुम्हा सगळ्यांसाठी."

"माझी मुलं आहेत."

"ठाऊक आहे. तिघांची नावं ठाऊक आहेत, धाकटीच्या बाप्तिस्म्याला मीच तिला धरलं होतं. घेतलंस ते बरं केलंस. पण दुवान, जानेवारीपासून रोज सकाळी तू माझ्याबरोबर कॉफी पितोस."

तो धडधाकट माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती त्याला ओलांडून वर आली, खोलीत गेली आणि पहिल्यांदाच दार लावून घेतलं. विल्मारच्या वेळी तिने दार लावलं नव्हतं. मला वाटतं, तिला जास्त लागलं ते हे. विल्मार मोठा होता, त्याला मोठी कारणं होती. दुवान आपला होता.

जूनमध्ये तिने राजीनामा दिला. आमच्या विभागातही नवं पद आलं होतं आणि त्यावर मेदेयिनहून डॉक्टरेट झालेली एक तरुण बाई आली होती, एस्तेफानिया नावाची. मला वाटलं, फ्लोरालबा किल्ली टेबलावर टाकून निघून जाईल. पण ती जाण्याआधी सबंध महिना त्या मुलीजवळ बसली. प्रोग्राममधला प्रत्येक कानाकोपरा दाखवला, कुठे पाऊस पक्ष्यासारखा वाटतो आणि कुठे बेडूक. दोन वेळा तिला जंगलातही नेलं.

"कशाला गं एवढं?" मी चिडून म्हटलं. "तुझ्याशी कोणी असं वागलं का?"

"पक्ष्यांनी माझं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली.

शहराच्या पाणीपुरवठ्यात तिला काम मिळालं. धरणातलं पाणी, नळांचा दाब, गळती, यांचे प्रोग्राम. दारावर पाटीच नाही तिथे, सगळे एका मोठ्या खोलीत बसतात. तिथे प्रोग्राम लिहिणारे आणखी काही जण आहेत. त्यांनी तिला विचारलं की आपण आठवड्याला एकदा भेटायचं का, अडलेलं बोलायला. ती म्हणाली, "जरूर भेटा. मला धरू नका." ते भेटतात. ती त्या वेळात खाली जाऊन पंपाची पाहणी करते.

आणि जाळं? ते टिकलं. खोटं का बोलू? देशभर पदं भरली गेली. एस्तेफानियाला पगारी रजा आहे, बढती आहे, लेखांवर तिचं नाव असतं. तिच्या बरोबरीचं कोणी बँकेत जात नाही. एकदा ती मला म्हणाली, "नोएमी, हे सगळं उभं करणारी माणसं थोर असली पाहिजेत." मी तिला कॉफी दिली आणि म्हटलं, "होती बाई काही काही." तिला फ्लोरालबा म्हणजे प्रेमाने शिकवणारी आधीची सहायक एवढंच माहीत होतं. मी त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती गोरीमोरी झाली. पण ऐकून ती तरी काय करणार?

दोन्या रोस्मिरा गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गेली. झोपेत गेली, सुटली बिचारी. शवपेटी पायऱ्यांवरून वर रस्त्यापर्यंत खांद्यावरून न्यावी लागते, गाडी खाली येत नाही. शेजारचे पुरुष जमले होते. एक कोपरा धरायला कोणी तरी कमी पडत होतं, इतक्यात विल्मार पायऱ्या उतरून आला. बोगोताहून पहाटेच्या विमानाने आला असणार. केस पांढरे झालेले. त्याने कोट काढून कठड्यावर ठेवला आणि रिकाम्या कोपऱ्याखाली खांदा दिला. सगळ्यांनी फ्लोरालबाकडे बघितलं. ती म्हणाली, "चला." पलीकडच्या कोपऱ्यावर दुवान होता. दोघे एकमेकांकडे न बघता पाऊल जुळवत चढत गेले, आणि म्हातारीला जराही हिसका बसू दिला नाही.

नंतर घरी सगळे कॉफी पीत बसले होते. विल्मार तिच्यापाशी गेला.

"फ्लोर, मी अट काढून घेतोय," तो हळू म्हणाला. "मंडळ बदललंय. या वेळी होईल. डॉक्टरेट नको, काम बघायचं. तुझं कलम, तुझ्याच शब्दांत. तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

"मला नका सांगू," ती म्हणाली. "चारचौघांत सांगा. सगळ्यांना एकाच वेळी." आणि त्याच्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेली.

या वेळी त्याने शब्द पाळला. एप्रिलमध्ये अट गेली. एस्तेफानियाने मला वाचून दाखवलं, कलम अगदी फ्लोरालबाचंच होतं, एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता. मी लगेच पाणीपुरवठ्यात फोन लावला. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. मी सांगितलं.

"नुबियाला फोन केलास?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"तिला कर. ती बारान्किल्यात अजून पुस्तकंच लावतेय. तिला सांग, अर्ज आजच टाक."

"आणि तू?"

"मी काय?"

"परत येशील? आता तर येता येईल. डॉक्टर अजून विचारतात."

"नाही, नोएमी."

"राग गेला नाही?"

"राग कधीच गेला. गुरुवारी त्या खोलीत बसले तर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून वाटेल, याला आता काय माहीत आहे जे मला माहीत नाही. असं वाटणाऱ्या माणसाने तिथे बसू नये. इतरांनाही त्रास." मग कोणी तरी तिला हाक मारली, वरच्या टाकीचा दाब उतरला होता. "ठेवते," ती म्हणाली. "नुबियाला मात्र विसरू नकोस."

मी नुबियाला फोन लावला. ती किंचाळली, हसली, आणि मग म्हणाली, "फ्लोरालबाला कोण सांगणार?" मी म्हटलं, "तिनेच मला सांगितलंय तुला फोन करायला." त्यावर नुबिया म्हणाली, "थांब, पेन घेते," आणि अर्ज कुठे टाकायचा ते मी तिला एकेक अक्षर करून सांगितलं.